पंधरा दिवसांचं कुलूप

नवनाथ वाघचौरेला या उद्योगातून मिळायचं होतं ते असं: चौदा गुंठे जमीन, विहिरीच्या पाण्याची आठवड्यातली साडेतीन दिवसांची पाळी, आणि बांधावरची चिंच, जी यापुढे निम्मी बहिणीची आहे असं कुणी म्हणणार नव्हतं. द्यायचं होतं ते एवढंच: एक अंगठा, तोही बायकोचा, पंधरा दिवस, आणि बहीण उज्ज्वलाची थोडी नाराजी. ती भाऊबीजेपर्यंत आपोआप विरते, असा त्याचा आजवरचा अनुभव होता.

असली वजाबाकी नवनाथ चालता चालता करायचा. कुणाच्या मयतीला गेला तरी, आपल्या वेळी यातले किती येतील ते मोजून परत यायचा. माणूस वाईट नव्हता. शेजाऱ्याची म्हैस अडली तर धावून जायचा. फक्त आपण धावलो हे शेजाऱ्याच्या लक्षात आहे ना, याची वर्षभरात दोनदा खात्री करून घ्यायचा.

निमखेडच्या तहसिलीत तो फाईल-वाचक होता. कागद बंद होऊन सातवं वर्ष. आता प्रत्येक माणसाची एक फाईल, आणि त्या एका फायलीत सगळा माणूस. लोकांना ते समजायचं नाही, म्हणून खिडकीवर नवनाथ.

"भाऊसाहेब," परवाच एक पागोटेवाला म्हातारा स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाला, "माझं शेत दवाखान्यात कसं गेलं ओ?"

"गेलं नाही बाबा, शेजारी राहतंय नुसतं. तुमच्या साखरेच्या डाव्या अंगाला."

"आन् कुंपण?"

"कुंपण नाही. पण पत्ता पक्का आहे."

म्हातारा चेष्टा समजला, पण नवनाथ खरं तेच सांगत होता. फाईल म्हणजे एक लांबलचक वही समजा, सारख्या मापाच्या पानांची, प्रत्येक पानाला क्रमांक. तीत सतरा तक्ते नांदतात: जमीन, आरोग्य, शाळा, रेशन, मतदान, नाती, असे. पण वाटे पाडून ठेवलेले नाहीत. जो तक्ता वाढेल त्याला पुढचं मोकळं पान मिळतं. म्हणून सातव्या पानावर जमीन, आठव्यावर रक्तदाब, नवव्यावर चौथीचे मार्क आणि जमिनीचा उरलेला भाग एकदम दोनशे बाराव्यावर. तरी गोंधळ होत नाही, कारण अगदी पहिल्या पानावर यादी असते, कुठला तक्ता कुठल्या पानापासून सुरू होतो त्याची. त्या सुरुवातीच्या पानावर पुढच्या पानांचे क्रमांक, त्यांच्यावर आणखी पुढचे. दोन-तीन उड्यांत हवी ती ओळ हाताला लागते.

एकच फाईल का, तर पूर्वी सतरा कचेऱ्यांत सतरा वेगळी माणसं असायची. रेशनला जिवंत, पेन्शनला मयत, शाळेत आडनाव भलतंच. आता सगळं एकमेकांना धरून. नोंद झाली तर पूर्ण होते, नाहीतर मुळीच होत नाही. फक्त एक अट आली. एका वेळी एकाच हाताने लिहायचं. कुलूप तक्त्याला नसतं, फायलीला असतं. एक जण लिहीत असला की बाकीच्यांनी थांबायचं. एरवी हे थांबणं डोळ्याची पापणी लवण्याइतकं, म्हणून कुणाला जाणवत नाही.

आबा, म्हणजे नवनाथचे वडील, चैत्रात गेले. तेरावं झाल्यावर उज्ज्वला ओट्यावर बसली होती. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांच्या खुणा, त्यावर पदर ओढलेला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एकोणीस वर्षांच्या लेकीला, आर्वीला घेऊन ती जिल्ह्याच्या गावी राहायची आणि मंगळवारी-शुक्रवारी मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायची. किडनीच्या रांगेत नाव घालून तीन वर्षं झाली होती. आर्वीचा रक्तगट जुळत नव्हता. नवनाथचा जुळत होता की नाही हे कुणाला ठाऊक नाही, कारण त्याने तपासलाच नव्हता.

या भागात बाप गेला की बहिणी हक्कसोड करून देतात. जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायचा, साडी घ्यायची, जेवायचं आणि एसटी पकडायची. बळजबरी कुणी करत नाही. विचारतही कुणी नाही.

"उजू, तेवढं हक्कसोडीचं उरकून घेऊ," नवनाथ सुपारी कातरत म्हणाला. "तू आलीच आहेस तर."

"सोडते की दादा. जमीन काय डोक्यावर घेऊन जाणारे मी? पण आधी वारसनोंद होऊ दे. आबांच्या खाली तुझं नाव, तुझ्या खाली माझं. एकदा लागलेलं बघते, मग सोडते."

"लावायचं नि काढायचं. कशाला मशीनला दोनदा त्रास?"

"मशीनला त्रास होतो व्हय? मला आठवड्यातून दोनदा टोचते ती नाही कधी कुरकुरली."

आत शैला, नवनाथची बायको, फिस्सकन हसली.

"अगं पण हट्ट कशाचा हा?"

"हट्ट कसला? लग्नानंतर मी सगळीकडे गाडेकर. या घरात माझं नाव होतं ते शाळेच्या दाखल्यावर, तोही उंदरांनी खाल्ला. एक महिना राहू दे ना आबांच्या खाली. बिघडलं कुठं?"

नवनाथला 'बघते' ऐकू आलं, 'मग सोडते' ऐकू आलं नाही. खिडकीवर सात वर्षं बसून त्याने बघितलं होतं की एकदा लागलेलं नाव जावई लोक काढू देत नाहीत. इथे जावई उरला नव्हता, पण पोरगी शिकलेली होती. नाव लागायच्या आतच हक्कसोड झाली पाहिजे. म्हणजे नोंद थोडी लटकली पाहिजे. आणि नोंद लटकवायला निमखेड तालुक्यात एकच पद्धत होती, शिंकेइतकी सवयीची: हरकत टाकायची. हरकतीला कारण लागत नाही, अंगठा लागतो. पंधरा दिवस नोटीस, मग सुनावणी, तोवर हरकतदाराचं नाव झाकलेलं. समोरचा चार हेलपाट्यांत थकतो आणि म्हणतो, आणा तो कागद, कुठे सही करू. जुन्या कागदी काळात हे चालायचं, फायलीच्या काळातही चालू राहिलं. नवनाथने स्वतः कितीतरी जणांना ही युक्ती खिडकीतून सांगितली होती.

तो तहसिलीतला माणूस, त्यामुळे त्याचा अंगठा बरा दिसला नसता. दुपारी त्याने टॅब शैलापुढे धरला.

"नणंदेच्या फायलीत माझा अंगठा कशाला? भांडण तुम्हा बहीण-भावाचं."

"भांडण कुठंय? पंधरा दिवसांचं कुलूप आहे. आपोआप उघडतं."

शैला भाकरी थापत होती. हात थांबले. "आणि तिचा दवाखाना? तोही त्याच फायलीत ना?"

सात वर्षांत हा प्रश्न तालुक्यातल्या कुणी विचारला नव्हता. नवनाथला बायकोचं कौतुक वाटलं आणि रागही आला.

"असं बघ," तो म्हणाला. "हरकत आली की पूर्ण फायलीचा ठसा घेतात. म्हणजे फायलीतलं अक्षर न् अक्षर मिसळून एक लांब आकडा काढतात, आपल्या बोटाच्या ठशासारखा. पुढे कोर्टात तोच आकडा आला तरच पुरावा खरा. मधे कुणी तिच्या रक्तदाबाचा एक आकडा जरी लिहिला तरी ठसा बदलतो. म्हणून पंधरा दिवस सगळ्या फायलीत लिहिणं बंद. वाचा कितीही."

"मग डायलिसिस?"

"ते पुरवणीत जातं. फायलीच्या बाजूला एक कोरं पान ठेवतात, त्यावर लिहितात. कुलूप उघडलं की आत ओढून घेतात. औषधं, सुया, सगळं पुरवणीत."

"सगळं?"

नवनाथने खिशातली सुपारी तोंडात टाकली. "किडनीचं सोडून. मागे एकच किडनी दोघांच्या पुरवणीत लिहिली गेली नि दोन्ही पेशंट टेबलावर झोपवले. तेव्हापासून किडनी, लिव्हर असलं एकुलतं एक काही असलं की फायलीतच लिहावं लागतं. पुरवणी चालत नाही. पण ती काय उद्या मिळतीय? तीन वर्षं रांगेत आहे. एक फोन आला का?"

शैलाने परात बाजूला सारली. पिठाचा अंगठा तिने पदराला पुसला.

"बघा हं," म्हणाली, आणि टेकवला.

तीन वर्षं एका पारड्यात, पंधरा दिवस दुसऱ्यात. नवनाथला यात काही वावगं दिसलं नाही. एकदा वाटलं, त्यातल्याच एखाद्या दिवशी फोन आला तर? पण असं धरून चालायला लागलं तर माणसाने घराबाहेर पडूच नये.

नवव्या दिवशी सकाळी सव्वाअकराला खिडकीवर रांग असताना आर्वीचा फोन आला.

"मामा! किडनी मिळाली! आईला मिळाली! सगळं जुळलंय, डॉक्टर म्हणाले असं जुळणं लाखात एक." ती रडत होती की हसत होती, कळेना. "फक्त मशीन म्हणतंय, फाईल वाचता येते, लिहिता येत नाही. काहीतरी हरकत म्हणे. मामा, तीन दहापर्यंत वेळ आहे, नंतर पुढच्याला जाते. मी डॉक्टरांना सांगितलं, काळजी करू नका, माझा मामा फायलीचंच काम करतो. दोन मिनिटांत करेल."

"बघतो," नवनाथ म्हणाला.

त्याने खिडकी बंद केली. रांगेतले लोक ओरडले. तो नायब तहसीलदार लोंढे मॅडमच्या टेबलापाशी गेला.

"मॅडम, हरकत मागे घेतली तर लगेच उघडतं ना?"

"मागे घेतली, हे तरी कुठे लिहिणार? फायलीतच ना? आणि ती बंद." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हीच विचारताय होय हे, वाघचौरे?"

"मग मार्गच नाही?"

"आहे की. नमुना नऊ. हरकतदार नि फाईलवाला, दोघांचे अंगठे. फाईलवाल्याने हरकत उघडून पूर्ण वाचायची, मग अंगठा. फसवाफसवी नको म्हणून. मग मी ठसा पडताळते आणि उघडते. अर्ध्या तासाचं काम. दूर असला तरी चालतो माणूस, फोनवरून होतं. कुणाचं आहे?"

"एका पाहुण्यांचं," नवनाथ म्हणाला.

तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. अर्ध्या तासाचं काम आणि हातात पावणेचार तास. शाळेतल्या पोरानेसुद्धा हे गणित सोडवलं असतं. पण नवनाथच्या डोळ्यांपुढे हरकतीची पहिली ओळ होती, कारण त्यानेच ती भरली होती. हरकतदार: शैला नवनाथ वाघचौरे. नातं: भावजय. उज्ज्वला ती वाचणार. आर्वी वाचणार. डॉक्टर वाचणार.

तो जागेवर येऊन बसला आणि त्याने दुसरा मार्ग शोधायला घेतला. जिल्ह्याच्या कचेरीत दिघे नावाचा त्याचा एक ओळखीचा होता. वरून कुलूप उघडता आलं तर नाव कुणालाच दिसलं नसतं. दिघे मीटिंगमध्ये होता. नवनाथने उज्ज्वलाची फाईल पुढ्यात उघडून ठेवली. वाचायला मनाई नव्हतीच. रुग्णालयाचं मशीन दर पाच मिनिटांनी दार वाजवत होतं. अकरा पंधरा, नोंद नाकारली, फाईल कुलूपबंद. अकरा वीस, नोंद नाकारली, फाईल कुलूपबंद. ओळीखाली ओळ येत होती, एका अक्षराचाही फरक नसलेली. मशीनला राग येत नव्हता, ते थकतही नव्हतं.

आर्वीचे तीन फोन आले. "चालूय, चालूय," तो म्हणाला. चौथा त्याने उचलला नाही.

पाऊण वाजता दिघे भेटला. "करता येईल रे, पण लेखी अर्ज लागेल. कारण काय लिहू? कुणाची हरकत आहे?"

"ते नाव टाळता नाही का येणार?"

"नाव टाळून कुलूप कसं उघडायचं, भाऊ?" दिघे हसला. "थांब, साहेबांना विचारतो."

नवनाथ थांबला. दीड वाजता सवयीने डबा उघडला, भेंडीचे दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. दोन वाजता दिघेचा फोन आला, साहेब जेवायला गेलेत.

दोन वीसला शैला आली. बसस्टँडपासून पळत आली होती, चप्पल एकाच पायात.

"आर्वीचा फोन आला मला. अहो, तुम्ही अजून बसलाय?"

"ओरडू नको. प्रयत्न चाललाय."

"काय करायचं असतं?"

त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण तिला नाव दिसेल."

"दिसू द्या!" सगळ्या कचेरीने माना वर केल्या. "माझंच आहे ना ते? माझं दिसेल, तुमचं काय जातंय? आणा ते नऊ नंबर!"

लोंढे मॅडमनी पाहुणे कोण ते ओळखलं. त्यांनी नमुना काढून दिला. शैलाने अंगठा इतका दाबला की मशीनने दोनदा नाकारला. दोन चौतीसला नमुना रुग्णालयात पोचला. आर्वी टॅब घेऊन आत पळाली. उज्ज्वलाच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यावर पट्टी. हरकत दीड पानांची, दोन मिनिटांत वाचून होणारी. मशीनने वाचनाचा वेळ नोंदवला आहे: चोवीस मिनिटं. त्यातली पट्टी सोडायला किती गेली आणि पहिल्या ओळीवर किती, ते मशीन नोंदवत नाही.

तीन वाजता अंगठा आला. मॅडमनी ठसा पडताळायला लावला. फायलीतलं अक्षर न् अक्षर पुन्हा मिसळलं जाऊ लागलं: चौथीचे मार्क, बाळंतपण, नवऱ्याचा मृत्यू, तीन वर्षांचं रक्त. मोठी फाईल होती. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरत गेली. शैला टेबलाची कड धरून उभी होती. तीन दहाला मशीनने अठ्ठेचाळिसाव्यांदा दार वाजवलं. नोंद नाकारली, फाईल कुलूपबंद.

तीन तेराला कुलूप उघडलं.

एकोणपन्नासावी ओळ आली नाही. नवनाथ वाट बघत राहिला. तीन चौदाला फायलीत हालचाल झाली आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. पण ती वारसनोंद होती. हरकत निघाली, तसं रांगेत खोळंबलेलं काम आपोआप पुरं झालं होतं. आबांच्या खाली नवनाथ, नवनाथच्या खाली उज्ज्वला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज बसका, पण रोजचा.

"दादा, नाव लागलं. बघितलं मी."

"उजू, अगं, ते कुलूप म्हणजे..."

"आर्वीला समजावलंय मी, मामीला काही बोलू नको म्हणून. तिचं डोकं नाही हे. आता हक्कसोड पाठव, अंगठा देते."

"राहू दे गं. घाई काय आहे?"

"घाई तुलाच होती ना?" ती म्हणाली. "एक सांग मला. त्या चौदा गुंठ्यांत पेरणार काय आहेस तू?"

नवनाथने खरोखर विचार केला. काहीच ठरवलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने सोडून दिलं. साडी घेतली नाही. चालून आलेली किडनी वेळेत नोंदली गेली नाही, तर नाव रांगेत मागे सरकतं, असा नियम निघाला. तो नवनाथलाही माहीत नव्हता. दोनशे सहावा नंबर होता, तो अकराशे चाळीस झाला. मार्गशीर्षात तिला ताप भरला, हातातल्या सुईच्या जागेवरून विष अंगात गेलं, आणि पाचव्या दिवशी ती गेली. तोवर शैला तिच्या पायाशी बसून होती. आर्वी मामीला पाणी द्यायची, पण तिच्याशी बोलायची नाही. नवनाथ दारापर्यंत गेला, तेव्हा आर्वी उठून दुसऱ्या दाराने बाहेर गेली.

त्यानंतर महिन्याभराने खिडकीवर काम नसताना नवनाथने आर्वीची फाईल उघडली. नाती तक्त्यात, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात, त्याचं नाव नव्हतं. तिने काढून टाकलं होतं. पण फायलीतून काढलेली ओळ लगेच पुसली जात नाही. तिचं पान 'मोकळं' म्हणून यादीत जातं आणि दुसरं काही लिहायची वेळ येईपर्यंत मजकूर तसाच पडून राहतो. कुठलाच तक्ता त्याला आपला म्हणत नाही, पहिल्या पानावरून तिथे जायला वाट नसते. वाचकाला मात्र ते पान थेट क्रमांकाने उघडता येतं. एकशे अडतिसाव्या पानावर तो होता. नवनाथ वाघचौरे, मामा. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी तो तेवढं बघायचा. फाल्गुनात कॉलेज सोडून आर्वी वसतिगृहाच्या भांडारात कामाला लागली, त्याची नोंद आली, त्या नोंदीला पान हवं होतं. त्या दिवशी एकशे अडतिसाव्यावर हजेरीच्या वेळा होत्या.

आता या उद्योगाची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते. उज्ज्वलाने जीव भरला. त्याआधीचे सात महिने, ज्यात तिला सगळं माहीत होतं आणि तिने एकदाही तो विषय काढला नाही, तेही तिच्याच नावावर. आर्वीने आई भरली, कॉलेज भरलं, आणि वाचायला आत नेलेल्या त्या टॅबची चोवीस मिनिटं. ती तिला जन्मभर पुरतील. शैलाने अंगठा भरला. आता ती रेशनलाही देत नाही. दुकानदार विचारतो, तेव्हा हात पदरात लपवते, आणि घरात धान्य येतं ते नवनाथच्या अंगठ्यावर. नवनाथच्या फायलीत जमिनीच्या तक्त्यात एक ओळ वाढली. बाकीचे सोळा तक्ते त्याने एकेक करून तपासले, कुठे काही कमी झालंय का बघायला. कशातही काही कमी झालेलं नव्हतं. भरलं ते त्या तिघींनी.